बोर्डिंगवाली बायलिंग्वल इंटरनॅशनल शाळा शोधताय? संध्याकाळी चारनंतरची शाळा बघा

शाळा बघायला गेलात की अ‍ॅडमिशनवाल्या मॅडम स्विमिंग पूल दाखवतात, लॅब दाखवतात, लायब्ररी, ऑडिटोरियम, मग एसी रूममध्ये चहा आणि प्रेझेंटेशन, आणि साडेतीनच्या सुमारास तुम्हाला गाडीपर्यंत सोडायला येतात. बोर्डिंग शाळा सुरू होते ती त्यानंतर. चार वाजल्यापासून सकाळी सातपर्यंत आपलं पोर कुणाबरोबर असतं, कुठल्या भाषेत बोलतं, रडू आलं तर कुणाकडे जातं, हे त्या टूरमध्ये येतच नाही, आणि माझ्या मते शाळा निवडायची ती यावरच.

हे मी आमच्या अनुभवावरून सांगतेय. आम्ही मुलुंडचे, दोघंही नोकरीवाले, मुलगी पाचवीपर्यंत जवळच्याच शाळेत होती. दोन्ही भाषा पक्क्या व्हाव्यात, मोकळं मैदान मिळावं, रोजची बस आणि क्लासची धावपळ थांबावी म्हणून सहावीला बोर्डिंगला घातलं. शाळेचं नाव घेत नाही. माहितीपत्रकात दोन भाषांचं वातावरण असं ठळक छापलेलं होतं. प्रत्यक्षात दिवसभर इंग्लिश, आणि हॉस्टेलमध्ये कुणी मराठी किंवा हिंदी बोलताना सापडलं की फळ्यावर नाव आणि त्या आठवड्याचं टक, म्हणजे खाऊ, बंद. आम्हाला हे दिवाळीच्या सुट्टीत कळलं. आज्जीने जेवताना काहीतरी विचारलं, हिने इंग्लिशमध्ये उत्तर दिलं, आज्जी म्हणाली अगं मला सांग ना नीट, आणि ही रडायलाच लागली कारण तिला पटकन शब्द सापडेनात. तोपर्यंत दर रविवारी फोनवर सगळं छान आहे असंच सांगत होती. वर्ष संपल्यावर काढलं, घरी आणलं, आणि दुसरी शाळा शोधताना सगळं वेगळ्या पद्धतीने केलं. आता ती नववीत आहे, दुसऱ्या शाळेत रमलीये.

तर आधी वय. मला विचाराल तर पाचवीच्या आत पाठवूच नये, नाईलाज असेल तर गोष्ट वेगळी. लहान मुलाला काय खुपतंय ते शब्दात सांगता येत नाही, आणि बोर्डिंगमध्ये न सांगितलेलं कुणाच्या लक्षात येईलच असं नाही. सहावी, आठवी किंवा थेट अकरावी, हे टप्पे बरे पडतात, कारण त्या वर्षी बरीच मुलं नवीन येतात आणि आपलं एकटंच नवीन नसतं. नववीच्या अधेमधे शक्यतो नको, तोवर बोर्डाचे विषय ठरलेले असतात आणि मैत्रीचे ग्रुपही.

आता बायलिंग्वल म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण हा शब्द प्रत्येक शाळा आपल्या सोयीने वापरते. आपल्याकडे सेमी-इंग्लिश सगळ्यांना माहितीये, गणित आणि विज्ञान इंग्लिशमधून, बाकी विषय मराठीतून. ही खरी द्विभाषिक शाळा आहे, कारण दोन्ही भाषांमधून विषय शिकवले जातात. मुंबईत जर्मन आणि फ्रेंच लोकांच्या मुलांसाठीच्या शाळाही आहेत, पण तिथे बोर्डिंग नाही. बोर्डिंगवाल्या इंटरनॅशनल शाळांमध्ये मात्र बहुतेक ठिकाणी सगळे विषय इंग्लिशमधून आणि त्याच्या जोडीला एक दुसरी भाषा असाच प्रकार असतो. तेही चालेल, पण मग ती दुसरी भाषा आठवड्याला किती तास, कोण शिकवतं, आणि वर्गाबाहेर ती कुणी बोलतं का, यावर सगळं अवलंबून. आठवड्याला दोन पिरियड आणि वर्षातून एक मराठी दिन असेल तर त्याला बायलिंग्वल म्हणू नका.

तोंडी आश्वासन नको, टाइमटेबल मागा. आपल्या मुलाच्या इयत्तेचं, चालू वर्षाचं. मग त्याच इयत्तेच्या दोन-तीन मुलांच्या मराठीच्या वह्या बघायला मागा. वहीत बरंच काही दिसतं, मुलाने स्वतःच्या मनाने चार ओळी लिहिल्यात का फळ्यावरची उत्तरं उतरवलीत, बाईंनी जोडाक्षरं तपासलीत का नुसता टिक केलाय. पुस्तक कुठलं लावलंय तेही विचारा. बालभारतीची प्रथम भाषेची आणि द्वितीय भाषेची पुस्तकं वेगळी असतात, नववी-दहावीला प्रथम भाषेला कुमारभारती आणि द्वितीय भाषेला अक्षरभारती, त्यामुळे पुस्तकाच्या नावावरूनच पातळी कळते. आणि एक लक्षात ठेवा, महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने पहिली ते दहावी मराठी शिकवणं सगळ्या बोर्डांच्या शाळांना सक्तीचं आहे, आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) आणि केंब्रिज ही इंटरनॅशनल बोर्डंसुद्धा त्यात आली, न पाळल्यास एक लाखापर्यंत दंड आहे. म्हणजे राज्यातल्या शाळेने आमच्याकडे मराठीला मागणी नाही असं सांगितलं तर ते ऐकून घ्यायचं कारण नाही.

काही पालक म्हणतात मराठी काय घरी येतेच. बोलायला येते हो, पण बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा वेगळी असते. कॅनडातले जिम कमिन्स नावाचे अभ्यासक आहेत, त्यांनी दुसऱ्या भाषेत शिकणाऱ्या मुलांबद्दल हेच मांडलं, की खेळता-बोलता येण्याइतकी भाषा साधारण दोन वर्षांत येते पण त्या भाषेत धडा समजून विचार करून लिहायला पाच ते सात वर्षं लागतात. हे उलट बाजूनेही ध्यानात घ्या, मराठी माध्यमातून पाचवी झालेलं मूल सहा महिन्यात फाडफाड इंग्लिश बोलायला लागलं म्हणून त्याला इतिहासाचा पेपर इंग्लिशमध्ये झेपेल असं नाही. म्हणून शाळेला विचारा, पहिली दोन वर्षं इंग्लिशसाठी वेगळा सपोर्ट देता का, कोण देतं, आणि त्यासाठी मुलाला बाकीच्यांबरोबरच्या खेळाच्या तासातून उठवता का. आमच्या पहिल्या शाळेत नेमकं खेळाच्या तासालाच उठवायचे, त्याने मूल वेगळं पडतं.

बोर्डाचं बघू. नावात इंटरनॅशनल असलं म्हणजे बोर्ड इंटरनॅशनल असतं असं नाही, ठाण्यापासून पनवेलपर्यंत अशा कितीतरी शाळा आहेत ज्या स्टेट किंवा सीबीएसईच्या आहेत, त्यात वाईट काही नाही, फक्त माहिती असावं. आयबी म्हणत असतील तर आयबीच्या वेबसाईटवर शाळेचं नाव स्वतः शोधा. तिथे शाळा अधिकृत आहे का अजून कँडिडेट आहे ते कळतं, कँडिडेट म्हणजे मान्यता मिळायची बाकी आहे. आणि आयबीचेही टप्पे वेगवेगळे आहेत, पीवायपी लहान मुलांचा, एमवायपी मधला, डीपी म्हणजे अकरावी-बारावी, एका टप्प्याची मान्यता असली म्हणजे तिन्हीची असते असं नाही.

भाषेच्या दृष्टीने आयबी डीपीत एक चांगली सोय आहे जी शाळा आपणहून फारशी सांगत नाहीत. तिथे लँग्वेज ए म्हणजे साहित्याच्या पातळीची भाषा आणि लँग्वेज बी म्हणजे शिकलेली भाषा. दोन भाषा ए पातळीवर घेतल्या आणि दोन्हीत किमान ३ ग्रेड मिळाली (बाकी पास होऊन, अर्थात) तर बायलिंग्वल डिप्लोमा मिळतो. शाळेत त्या भाषेचा शिक्षक नसेल तर स्टँडर्ड लेव्हलला आपल्या मातृभाषेचं साहित्य शाळेच्या मदतीने स्वतः अभ्यासायचीही तरतूद आहे, त्याला स्कूल सपोर्टेड सेल्फ टॉट म्हणतात. मराठीसाठी हे कसं करता येईल ते डीपी कोऑर्डिनेटरला थेट विचारा. त्यांना हा प्रश्न नवीन वाटला तर समजा की तिथे अजून कुठल्या मराठी पालकाने विचारलेला नाही, पण उत्तर शोधून कळवतात का ते बघा, त्यावरून शाळा कशी आहे ते बरंच कळतं.

निकालाच्या तारखा. ही गोष्ट आम्हाला उशिरा कळली म्हणून सांगते. आयबी डीपीची मे महिन्याची परीक्षा, निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात, आणि तोवर आपल्याकडे डिग्रीच्या मेरिट लिस्ट सुरू झालेल्या असतात. परदेशी जायचं असेल तर अडचण नाही, मुंबईतच कॉलेज करायचं असेल तर आधीपासून चौकशी करून ठेवा. दहावीला केंब्रिज आयजीसीएसई असेल तर शाळा मार्चच्या सिरीजला, म्हणजे परीक्षेच्या फेरीला, बसवते का जूनच्या, हे विचारा. मार्चची सिरीज भारतातल्या शाळांसाठी असते आणि तिचा निकाल मेमध्ये येतो, जूनच्या सिरीजचा ऑगस्टमध्ये, आणि अकरावीसाठी मुंबईत परत यायचं असेल तर ऑगस्ट फार उशीर झाला. शिवाय विषय निवडताना एआययूची, म्हणजे असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजची समकक्षता बघून घ्या, कारण मेडिकल-इंजिनिअरिंगला विषय ठरावीकच लागतात आणि सोळाव्या वर्षी फिजिक्स सोडून दिलं तर नंतर परत फिरता येत नाही.

याहून मोठी गोष्ट मेडिकलची. मुलाला डॉक्टर व्हायचं असेल, नुसती शंका जरी असेल, तर महाराष्ट्राबाहेर पाठवायच्या आधी दहा वेळा विचार करा. आपल्या राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी डोमिसाईल तर लागतंच पण दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळेतून झालेली लागते, केंद्र सरकारच्या नोकरीतल्या पालकांना वगैरे काही सवलती आहेत, त्या राज्यातले हे प्रवेश बघणाऱ्या सीईटी सेलच्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचा. मसुरीला किंवा कोडाईकनालला उत्तम शाळेत शिकलेलं, आपल्या मुलुंडमध्ये जन्मलेलं पोर इथल्या सरकारी कॉलेजच्या कोट्याबाहेर जाऊ शकतं. इंजिनिअरिंगचे नियम त्यामानाने सैल आहेत, पालकांच्या डोमिसाईलवरही चालतं.

कुठे पाठवायचं याचं माझं मत सरळ आहे, पहिल्या वर्षी तरी एका दिवसात जाऊन भेटून परत येता येईल इतक्या अंतरावर. पाचगणी मुंबईपासून साधारण अडीचशे किलोमीटर, वाईवरून पसरणीचा घाट चढला की आलं, आणि तिथे बोर्डिंगची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे त्यामुळे गावालाच सवय आहे, डॉक्टर, शिंपी, दुकानदार सगळ्यांना शाळेतली मुलं माहिती असतात. संजीवन १९२२ पासून आहे, न्यू एरा १९४५ पासून. पुण्याजवळ मुळशीच्या खोऱ्यात यूडब्ल्यूसी महिंद्रा कॉलेज आहे, १९९७ चं, फक्त डीपीची दोन वर्षं, जगभरातली मुलं एकत्र राहतात आणि ऐपत नसेल तर स्कॉलरशिप मिळू शकते, दहावीनंतर हुशार आणि धीट मूल असेल तर अर्ज जरूर करा. लांबच्यांत कोडाईकनाल इंटरनॅशनल १९०१ ची शाळा, भारतात आयबी पहिल्यांदा तिथेच आलं, १९७६ मध्ये. मसुरीची वुडस्टॉक त्याहून जुनी, १८५४ ची. शाळा नावाजलेल्या आहेत, पण रात्री अकराला वॉर्डनचा फोन आला की ताप १०३ आहे तर मुंबईहून मदुराई आणि पुढे कोडाईचा घाट, पोचेपर्यंत दुसऱ्या दिवसाची दुपार होते. वीकली बोर्डिंगचाही विचार करा, शुक्रवारी घरी रविवारी परत, भाषेसाठी हे सगळ्यात उत्तम कारण दोन दिवस घरची मराठी कानावर पडते, फक्त शुक्रवार संध्याकाळचा एक्सप्रेसवे धरून चला, खंडाळ्याला दोन तास अडकलेलं पोर घरी येऊन नुसतं झोपतं.

आता भेट. ही दोनदा द्या. पहिली त्यांच्या वेळेनुसार. दुसरी तुमच्या वेळेने, संध्याकाळी चार ते रात्री नऊ, आणि शक्यतो जुलै-ऑगस्टमध्ये. शाळा म्हणेल हॉस्टेलमध्ये बाहेरच्यांना परवानगी नाही, आणि मुलांच्या सुरक्षेसाठी ते बरोबरच आहे, तुम्ही म्हणा आम्ही डॉर्ममध्ये जात नाही, आम्हाला मैदानावर आणि मेसमध्ये बसू द्या. मेसमध्ये जेवा. काय वाढलंय यापेक्षा कोण कुणाशेजारी बसलंय ते बघा, एखादं मूल एकटं बसलं असेल तर कुणी मोठं माणूस त्याच्याकडे जातं का. मोठ्या मुलांनी लहानांकडून ताटं उचलून घेतली तर ते लगेच कळतं. कान उघडे ठेवा, मुलं आपापसात कुठल्या भाषेत भांडतात, कुठल्या भाषेत हसतात. दुसऱ्या शाळेच्या मैदानावर मी ऐकलं, एक मुलगा ओरडला अरे बॉल टाक ना, आणि शेजारी उभे असलेले सर त्याच्याशी मराठीतच बोलले, मग पाचच मिनिटांत तेच सर दुसऱ्या मुलाला इंग्लिशमध्ये समजावत होते. माझं निम्मं मन तिथेच ठरलं होतं.

पावसाळ्यात का म्हणते, तर पाचगणी-महाबळेश्वरच्या पट्ट्यात पाऊस आणि धुकं महिना महिना हटत नाही. कपडे कुठे वाळवतात ते विचारा. ड्रायर आहे का, गाद्या ओल धरतात का, आंघोळीला गरम पाणी किती वाजेपर्यंत असतं. उन्हाळ्यात बघितलेली शाळा आणि ऑगस्टमधली शाळा यात फार फरक असतो, आणि सर्दी-खोकला घेऊन महिनाभर ओलसर मोजे घालणारं मूल कुठल्याच भाषेत नीट शिकत नाही.

मेट्रनशी, म्हणजे हॉस्टेलमध्ये मुलांची काळजी घेणाऱ्या बाईंशी, बोला. प्रिन्सिपॉलपेक्षा जास्त वेळ. त्या किती वर्षं तिथे आहेत, त्यांच्याकडे किती मुलं आहेत, रात्री मजल्यावर कोण झोपतं, रजेवर गेल्या तर बदली कोण येतं. आमच्या पहिल्या शाळेत एका वर्षात तीन वेळा मेट्रन बदलल्या, मुलीला एकीची सवय होईपर्यंत दुसरी. त्यांच्याशी मराठीत बोलून बघा, कारण बिछाना ओला झाला, पाळी आली, पोट दुखतंय, या गोष्टी मूल जी भाषा आधी तोंडात येईल तीत सांगतं, आणि ऐकणारीला ती भाषा कळायला पाहिजे. हॉस्टेलमध्ये घरची भाषा बोलल्यावर शिक्षा होते का, हा प्रश्न मेट्रनला विचारा आणि नंतर एखाद्या आठवीतल्या मुलालाही विचारा. दोन उत्तरं जुळली पाहिजेत.

सुरक्षेबद्दल लाजू नका, स्पष्ट विचारा. सगळ्या कर्मचाऱ्यांचं, म्हणजे ड्रायव्हर आणि मेसवाल्यांसकट, पोलीस व्हेरिफिकेशन झालंय का. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे, तक्रार आली तर शाळा काय करते ते लेखी धोरण आहे का, मागितल्यावर दाखवतात का. महाराष्ट्रात शाळांमध्ये मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी, तिच्यात कोण आहे ते विचारा. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ नंबर मुलांना दिसेल अशा जागी लावलाय का ते बघा आणि तो नंबर आपल्या मुलाला पाठ करायला लावा. फोन करायची वेळ कधी, आणि फोन करताना शेजारी कुणी उभं असतं का, हेही महत्त्वाचं. आमची मुलगी सगळं छान आहे म्हणायची कारण वॉर्डन दोन फुटांवर खुर्चीत बसलेली असायची. आता आमचा एक ठरलेला शब्द आहे, तो तिने बोलण्यात आणला की मी दुसऱ्या दिवशी निघते. दोन वर्षांत एकदाच वापरलाय.

पैशांचं थोडक्यात. इंटरनॅशनल बोर्डिंगचा वर्षाचा खर्च अनेक लाखांत जातो आणि सांगितलेला आकडा शेवटचा नसतो, अ‍ॅडमिशन फी, डिपॉझिट, युनिफॉर्म, लाँड्री, टक, ट्रिपा, परीक्षा फी, सुट्टीत ने-आण, हे सगळं लेखी मागा आणि दरवर्षी फी किती वाढली ते मागच्या तीन वर्षांचं विचारा. मुख्य म्हणजे वर्षाच्या मध्यात काढलं तर काय परत मिळतं. हा कागद सही करायच्या आधी वाचा. पैसे अडकलेत म्हणून मुलाला तिथे ठेवायची वेळ येऊ नये.

मुलाला विचारा, पण नुसतं जायचंय का असं नको, मित्रांच्या उत्साहात सगळीच हो म्हणतात. काही शाळा दोन-तीन दिवस राहून बघायला देतात, तसं असेल तर नक्की पाठवा आणि परत आल्यावर लगेच प्रश्नांचा भडिमार करू नका, दोन दिवसांनी आपोआप बोलतात, आमची तर बाथरूमच्या दारातून बोलली. दोन वेळा स्पष्ट नाही म्हणालं तर त्या वर्षी थांबा.

अ‍ॅडमिशन झाल्यावर भाषेचं काम घरावर येतं, कितीही चांगली शाळा असली तरी. आम्ही रविवारचा फोन मराठीतच करतो, ती इंग्लिशमध्ये सुरू झाली तरी मी मराठीतच उत्तर देते, टोकत नाही. दिवाळी अंक आला की एक तिला जातो. आणि आज्जी पत्र लिहिते, खरंखुरं, हाताने, पंधरा दिवसांतून एकदा, शेजारच्या मांजरीला किती पिल्लं झाली, गणपतीला कुणाकडे किती मोदक झाले, असलंच सगळं. सुरुवातीला हिची उत्तरं तीन ओळींची यायची, आता दोन पानं येतात, र्‍हस्व-दीर्घाच्या चुका असतात, आज्जी त्या दुरुस्त न करता ठेवून देते. तुम्ही पाठवलीत तर पत्त्यात हाऊसचं नाव आणि डॉर्मचा नंबर लिहायला विसरू नका, नाहीतर पत्र शाळेच्या ऑफिसातच पडून राहतं.